मुरुडशेंग, पाच पदर आणि फाउंड्रीतली वाळू

स्कल्प्चरच्या तिसऱ्या वर्षाला आम्हाला नेचर फॉर्मवरून कॉम्पोझिशन असतं. म्हणजे निसर्गातली एखादी वस्तू घ्यायची, तिचा अभ्यास करायचा आणि त्यावरून शिल्प करायचं, पण शिल्पात ती वस्तू जशीच्या तशी दिसली तर सर म्हणणार ही कॉपी झाली, आणि अजिबातच दिसली नाही तर म्हणणार मग ती आणलीस कशाला. या दोन्हीच्या मधे कुठंतरी थांबायचं असतं आणि ते कुठं हे कुणीच आधी सांगत नाही. मी कोल्हापुरात शिकते, हे सगळं मागच्या पावसाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत चाललं होतं, आणि आता ज्युनियर पोरं येऊन विचारायला लागलीत की ते अ‍ॅल्युमिनियमचं शिल्प कसं केलंस म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

बहुतेक पोरं शंख घेतात. शंख सुंदर असतो यात वादच नाही, पण तो आधीच इतका पूर्ण झालेला फॉर्म आहे की त्यात तुम्ही घालणार काय आणि काढणार काय, म्हणून कॉलेजच्या मागच्या आवारात दरवर्षीचे प्लास्टरचे शंख पावसात भिजत पडलेले असतात. कुणी कमळाचं वाळलेलं बोंड आणतं, कुणी हिमाचलच्या ट्रिपमधून उचललेलं पाइनचं फळ. आमच्यातल्या एकानं म्हशीच्या मणक्याचं हाड आणलं होतं, नदीकाठी सापडलेलं, धुऊन उन्हात वाळवून पांढरंशुभ्र केलेलं, आणि माझ्या मते वर्गातली सगळ्यात भारी निवड तीच होती. इंग्रज शिल्पकार हेन्री मूरच्या पेरी ग्रीन या गावातल्या स्टुडिओत हाडं, गारगोट्या, शिंपले यांनी फळ्याच्या फळ्या भरलेल्या असायच्या, त्यातला एखादा दगड उचलायचा, त्याला थोडं प्लॅस्टिसिन (न वाळणारी मॉडेलिंगची माती) लावायचं, की झाली छोट्या मॉडेलची सुरुवात. सरांचं म्हणणं असं की मूर हाडाचं रूप घेत नव्हता, हाडावर वजन कुठून येतं आणि कुठं उतरतं ते घेत होता. हे तेव्हा मी वहीत लिहून घेतलं, कळलं बऱ्याच नंतर.

मी मुरुडशेंग घेतली. ज्यांच्या घरात बाळाला गुटी उगाळून दिलीय त्यांना ही काय असते ते सांगायला नको, वेखंड, जायफळ, मायफळ, बाळहिरडा यांच्या सोबत सहाणेवर दोन-चार वळसे हिचेही असतात. बाकीच्यांसाठी सांगते, सह्याद्रीत डोंगरउतारावर हे झुडूप असतं, लालसर फुलं येतात आणि मग पिळलेल्या शेंगा. शास्त्रीय नाव हेलिक्टेरिस आयसोरा. शेंग साधारण ५ सेंटिमीटर, ओली असते तेव्हा हिरवी आणि मखमली लव असलेली, वाळली की काळपट तपकिरी. आजीच्या डब्यातली एक घेतली होती पण ती उगाळून उगाळून अर्धी झालेली, म्हणून पन्हाळ्याच्या बाजूला जाऊन झुडपावरच्याच पिशवीभर आणल्या. घरी आईनं विचारलं एवढ्या कुणाच्या पोटात दुखतंय.

पहिले कितीतरी दिवस मातीला हातच लावू दिला नाही. नुसतं ड्रॉइंग. फोटो काढून त्यावरून काढायचं नाही, शेडिंग करायचं नाही, नुसती रेघ, कारण शेडिंग करायला लागलं की माणूस उजेड काढत बसतो आणि फॉर्म राहतो बाजूला. मी पानंच्या पानं पिळे काढले आणि ते सगळे स्क्रूसारखे दिसत होते, हार्डवेअरच्या दुकानात मिळतो तो. मग सर म्हणाले की बाहेरून बघणं बास झालं, आता काप.

वाळकी शेंग तशीच कापली तर तिचा भुगा होतो. म्हणून रात्रभर पाण्यात टाकली, सकाळी हॅक्सॉच्या पात्यानं आडवे काप घेतले, एकेक दीड-दोन मिलिमीटरचा, आणि ते क्रमानं ड्रॉइंग पेपरवर चिकटवले. इथं माझे डोळे उघडले. प्रत्येक कापात पाच पदर, पाच वेगवेगळ्या कोशिका, मधल्या अक्षाभोवती चिकटून बसलेल्या, प्रत्येकीत बारीक बिया, आणि पाची मिळून पाच पाकळ्यांची चांदणी. आणि पुढच्या कापात तीच चांदणी, पण थोडी फिरलेली. त्याच्या पुढच्या कापात आणखी थोडी. मी ज्याला पीळ म्हणून बाहेरून रेघा ओढत होते तो पीळ वेगळा असा कुठं नव्हताच, एकच आकार थोडा थोडा फिरत वर गेला होता, मधे फुगत आणि टोकाला बारीक होत. ते चिकटवलेले काप अजून माझ्याकडे आहेत, एक-दोन मुंग्यांनी नेले.

याच दिवसांत सरांनी कार्ल ब्लॉसफेल्टचे फोटो दाखवले. हा माणूस (१८६५-१९३२) बर्लिनमधे शिकवायचा, खऱ्या झाडांवरून मॉडेलिंग करायला, आणि पोरांना बघायला नमुने हवेत म्हणून त्यानं वर्षानुवर्षं कोंब, कळ्या, बोंडं यांचे फोटो काढले, काही तर तीसपट मोठे करून. त्याचं पहिलं पुस्तक आलं १९२८ मधे, तोवर तो साठीच्या पुढं गेलेला. लोक त्याला फोटोग्राफर म्हणून ओळखतात, पण मला आवडलं ते हे की त्यानं पोरवयात लोखंडाच्या ओतशाळेत उमेदवारी केली होती. त्याचे फोटो बघा, फर्नचं गुंडाळलेलं टोक एखाद्या गेटच्या लोखंडी कामासारखं दिसतं, ते ज्यानं ओतकाम केलंय त्यालाच तसं दिसणार. मी तेव्हा हे नुसतं गंमत म्हणून ऐकलं, पुढं आपणही फाउंड्रीत जाऊन बसणार आहोत याची काय कल्पना.

मग मॅकेट, म्हणजे मोठ्या कामाआधीचं छोटं मॉडेल. हातभर लांब मातीचे पाच रोल केले, पाची एकत्र धरले आणि पिळले. दिसायला शेंगेसारखं दिसलं म्हणून मी खुश, मागनं एक मैत्रीण म्हणाली दिवाळीला अजून वेळ आहे, चकल्या आत्ताच का. सरांनी ते मॅकेट हातात घेतलं, फिरवलं, आणि म्हणाले ही दोरी झाली, शेंग कुठं आहे. आता दोरी आणि शेंगेत फरक काय तर दोरी आधी सरळ असते, मग बाहेरनं कुणीतरी जोर लावून पिळतं, त्यामुळे पदर आवळलेले असतात, एकमेकांना दाबत असतात, सोडलं तर उलटे फिरतील. शेंगेला कुणी पिळलेलं नाही. ती वाढतानाच फिरत वाढलीय. तिचे पदर आवळलेले नाहीत, आतून भरलेले आहेत, प्रत्येक पदराची बाहेरची बाजू ताणलेली असते कारण आत बिया मोठ्या होतायत. मातीत हे दाखवायचं तर बाहेरून पिळून चालत नाही, आतून माती भरत जावं लागतं, आणि दोन पदरांच्या मधली खाच कोरायची नसते, दोन फुगवटे एकमेकांना भेटतात तिथं ती आपोआप होऊ द्यायची असते. हे वाचायला एका ओळीचं आहे. बोटांना कळायला मला अख्खा श्रावण लागला.

दोरीवरून एक सांगायचं राहिलं. मुरुडशेंगेच्या झुडपाच्या सालीचा वाख निघतो आणि त्याच्या खरंच दोऱ्या करतात, हे मला आमच्या गावाकडच्या एका काकांनी सांगितलं तेव्हा मी लगेच शिल्पकार मृणालिनी मुखर्जींची कामं काढून बसले. त्यांचा जन्म मुंबईचा, १९४९ चा, शिकल्या बडोद्याला, आणि त्यांनी तागाच्या दोरखंडाला गाठी मारमारून माणसापेक्षा उंच शिल्पं केली, अर्धी झाडं अर्ध्या देवता, नंतर सिरॅमिक आणि ब्राँझमधेही केलं. २०१५ मधे दिल्लीत मोठं प्रदर्शन उघडलं आणि त्याच दिवसांत त्या गेल्या. त्यांच्या दोरीत दोरी दिसतच नाही, फुगलेली, उमललेली, लोंबणारी काहीतरी जिवंत वस्तू दिसते. म्हणजे दोरी वापरूनही शेंग करता येते आणि माती वापरूनही माणूस दोरीच करू शकतो, जशी मी केली होती.

मोठं काम एक मीटर उंचीचं ठरलं. आता इथं गणित येतं आणि आर्टच्या पोरांना गणित आलं की झोप येते पण हे ऐका. ५ सेंटिमीटरची शेंग १ मीटरची केली म्हणजे वीसपट. उंची वीसपट, पृष्ठभाग चारशेपट, आणि आतला माल आठ हजारपट. वजन मालाबरोबर वाढतं, पण ते वजन तोलणारा जो आडवा छेद असतो तो वाढतो फक्त चारशेपट. म्हणून शेंग तिच्या देठावर मजेत लटकते आणि तुमचं वीसपट काम बुडाशी बसकण मारतं. गॅलिलिओनं हे १६३८ मधेच लिहून ठेवलंय, जनावर मोठं तर त्याचं हाड नुसतं लांब होऊन भागत नाही, जाडही जास्त व्हावं लागतं. मग निसर्गातली छोटी वस्तू मोठी करताना प्रमाण तेच ठेवायचं ही कल्पनाच मुळात डळमळीत आहे. मी बुडाकडं जाडी वाढवली, आणि नाइलाजानं केलेल्या या बदलानंच काम पहिल्यांदा जमिनीवर उभं असल्यासारखं वाटायला लागलं, लटकवलेलं काढून ठेवल्यासारखं नाही.

आर्मेचरसाठी, म्हणजे माती धरून ठेवणाऱ्या आतल्या सांगाड्यासाठी, मधे पाइप, त्याला जीआय वायर, आणि वायरला टांगलेली बटरफ्लाय, म्हणजे लाकडाच्या दोन पट्ट्यांची छोटी फुली, जी मातीत अडकून माती घसरू देत नाही. बटरफ्लाय पाची पदरांच्या आत येतील अशा फिरवत फिरवत बांधल्या. माती बापट कॅम्पातल्या एका कुंभारकाकांकडून आणली, गणपतीचा सीझन असल्यामुळं त्यांना बोलायलाही वेळ नव्हता, तरी त्यांनी माझं ड्रॉइंग बघून एक गोष्ट सांगितली की माती एकदम चढवू नको, खालची दमली की वरची चढव. दमली म्हणजे थोडी कडक झाली. कॉलेजात कुणी हा शब्द वापरत नाही पण मला तो फार उपयोगी पडला. पावसाळ्यात माती दमायला दुप्पट वेळ घेते आणि एकदा दमली की शनिवार-रविवारी सुट्टीत नको तेवढी दमते, त्यामुळे ओली फडकी, वरनं प्लॅस्टिक, आणि सुट्टीच्या दिवशी वॉचमनमामांना चहा पाजून आत जाऊन पाणी मारणं.

त्या काळात एका रविवारी खिद्रापूरला जाऊन आले, कोपेश्वराच्या देवळात. सरांनीच पाठवलं होतं, फक्त कमळं आणि हत्ती बघून ये म्हणून. बाहेरच्या बाजूनं ओळीनं हत्ती आहेत, देऊळ पाठीवर घेऊन उभे असल्यासारखे, आणि आत कमळं. शिलाहारांच्या काळातल्या त्या माणसांनी कमळ मोजून मापून काढलेलं नाही, कुठल्याच तळ्यात तसं कमळ सापडणार नाही, पण दगडातनं ते फुललेलं आहे हे लांबनं कळतं. स्वर्गमंडपाच्या मधोमध छत गोल उघडं आहे, तिथून ऊन खाली येतं, मी तिथं खांबांचे छेद काढत बसले. गोल, चौकोनी, अष्टकोनी, एकाच खांबात एकावर एक. आपण शेंग कापून जे बघितलं तेच इथं दगडात रचलेलं आहे असं वाटलं, आणि ही गोष्ट पुढं फाउंड्रीत कामाला आली.

मातीचं काम पुरं झालं आणि वेस्ट मोल्ड घ्यायचं ठरलं. वेस्ट मोल्ड म्हणजे एकदाच वापरायचा साचा, आतलं कास्ट, म्हणजे साच्यात भरून घट्ट झालेलं काम, काढायला साचा फोडूनच टाकायचा. पदरांच्या खाचा इतक्या खोल होत्या की दुसरा इलाज नव्हता, पीस मोल्ड, म्हणजे तुकड्यातुकड्यांनी सुटणारा साचा, केला असता तर तुकडेच तुकडे झाले असते. जुन्या एक्सरे फिल्मच्या पट्ट्या कापून मातीत रोवल्या, त्या रेघेवर साचा दोन भागांत सुटतो. प्लास्टर कालवायचं ते पाण्यात प्लास्टर सोडत, उलटं नाही, पाण्याच्या वर प्लास्टरची बेटं दिसायला लागली की बास, मग खालून हात घालून हळू ढवळायचं, बुडबुडे येऊ द्यायचे नाहीत. पहिल्या थरात कपड्याची नीळ घालतात. कारण नंतर छन्नीनं साचा फोडताना निळा रंग दिसला की समजायचं आता जपून, याच्या खाली आपलं काम आहे. पहिला थर पातळ, बोटांनी शिंतोडे मारत खाचांमधे घालवायचा, तो सेट होताना गरम लागतो हाताला, मग दुसरे जाड थर, काथ्या घालून. दोन दिवसांनी साचा सोडवला, माती काढली, धुतला, साबणाचं पाणी दिलं आणि आत कास्ट भरलं.

फोडायचं काम मला सगळ्यात आवडतं. बोथट छन्नी, हलक्या हातानं, पांढरा थर जातो, निळा दिसतो, मग निळ्याचाही पापुद्रा टवका निघतो आणि खालनं आपणच केलेला पृष्ठभाग येतो, पण मातीचा नाही, पांढरा आणि अनोळखी. दोन ठिकाणी पदराची कड उडाली, ती परत भरली, तेवढं सगळ्यांचंच होतं.

सरांनी आजूबाजूला फिरून बघितलं. अभ्यास चांगला झालाय म्हणाले. थोडं थांबून, पण अजून ही शेंगच आहे.

मला राग आला, खोटं कशाला बोलू. पण रात्री बघितलं तर खरंच होतं, मी जे काही समजून घेतलं होतं ते सगळं एक मोठी शेंग करण्यात गेलं होतं. तेव्हा डोक्यात आलं की धातूत करावं. ब्राँझ परवडणार नव्हतं, पण अ‍ॅल्युमिनियम जमलं असतं, आणि कोल्हापुरात राहून फाउंड्रीत न जाणं म्हणजे रंकाळ्यावर जाऊन भेळ न खाता येणं. आपल्याकडं ऑइल इंजिनांपासून ओतकामाची परंपरा आहे, आज गाड्यांचे पार्ट देशभर जातात, आणि बाबूराव पेंटर (१८९०-१९५४) याच गावात चित्रंही काढत होते, शिल्पंही करत होते आणि सिनेमाचा कॅमेराही स्वतःच बनवत होते. तरी आमची आर्टची पोरं उद्यमनगरात, कारखान्यांच्या भागात, जातात ती फक्त वेल्डिंगला.

ओळखीतनं एका छोट्या फाउंड्रीत गेले. मिस्त्री पन्नाशीचे, त्यांनी प्लास्टरचा फोटो बघितला आणि पहिला प्रश्न, "ताई, हे वाळूतनं निघणार कसं?"

वाळूत ओतायचं म्हणजे आधी पॅटर्न, म्हणजे जे ओतायचं त्याचा नमुना, वाळूत दाबायचा, वाळू कडक झाली की पॅटर्न ओढून काढायचा, राहिलेल्या पोकळीत धातू. पॅटर्न निघायचा तर त्याला उतार पाहिजे, ते ड्राफ्ट म्हणतात, आणि कुठंही खाच अडकता कामा नये. माझ्या पिळात सगळ्याच खाचा अडकणाऱ्या. मेणाची पद्धत (लॉस्ट वॅक्स, मेणाचं मॉडेल साच्यातच वितळवून काढायची) आहे पण ती या फाउंड्रीत करत नव्हते. थर्माकोलचा पॅटर्न वाळूतच जाळून टाकता येतो, तेही बोलणं झालं, पण त्याचं फिनिशिंग मला नको होतं. मिस्त्रींनी टेबलावरचा एक बोल्ट उचलला, मळलेल्या वाळूच्या ढिगात खुपसला, आणि ओढला नाही, फिरवला. बोल्ट फिरत फिरत वर आला आणि वाळूत आट्यांचा ठसा तसाच राहिला.

"फिरवून काढू की. पण पीळ सगळीकडं सारखा पाहिजे, आणि वरनं खाली बारीकच होत गेला पाहिजे. मधे फुगला की अडकला."

मी घरी येईपर्यंत हेच डोक्यात. पीळ सारखा, म्हणजे प्रत्येक सेंटिमीटरला तेवढंच फिरायचं. मधे फुगवटा नाही, म्हणजे शेंगेचं पोट गेलं. देठाकडचं निमुळतं टोकही गेलं, कारण तिकडून तर पॅटर्न बाहेर येणार. उरलं काय तर पाच पदरांची चांदणी, खाली रुंद, फिरत फिरत वर जाणारी आणि टोकाला मिटणारी. शेंगेतलं जे जे वाळूला नको होतं ते ते गेलं आणि जे राहिलं तेच मला कापांमधे दिसलं होतं. हे मी ठरवून केलं असं कुणाला वाटत असेल तर वाटू दे, सरांना पण तसंच वाटलं.

पॅटर्न केला तो खिद्रापूरच्या खांबांसारखा, छेदावर छेद रचून. १२ मिलिमीटर प्लायच्या ३३ चकत्या, प्रत्येक चांदणीच्या आकाराची, खालची सगळ्यात मोठी आणि वर वर लहान होत गेलेली. मधून एक रॉड, आणि प्रत्येक चकती खालच्यापेक्षा ८ अंशांनी फिरवलेली. कंपासपेटीतल्या कोनमापकानं. उंची झाली साधारण ४० सेंटिमीटर आणि पूर्ण काम पाऊण फेऱ्यापेक्षा जरा कमी फिरलं. रचून झाल्यावर ते पायऱ्या पायऱ्यांचं होतं, त्या पायऱ्या गॅरेजवाले गाडीला भरतात त्या पुट्टीनं भरल्या, मग पॉलिश पेपर, मग परत पुट्टी, मग परत पेपर. हे काम कंटाळवाणं आहे आणि त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, फक्त मास्क लावा. शेवटी लाखेचे हात दिले आणि वॅक्सनं घासला. सगळं गुळगुळीत असावंच लागत होतं, कारण एक जरी उंचवटा राहिला तरी फिरवताना तो वाळूवर ओरखडा मारणार. मिस्त्रींनी आधीच सांगून ठेवलं होतं की अ‍ॅल्युमिनियम थंड होताना आकसतं, चाळीस सेंटिमीटरला पाचेक एमएम कमी येईल, मोजमाप धरून रडू नको.

ओतायच्या दिवशी सकाळीच गेले. वाळूत सोडियम सिलिकेट मिसळलेलं होतं, सीओटूची वाळू म्हणतात. पॅटर्न टोक खाली करून पेटीत उभा धरला, चारी बाजूंनी वाळू भरून ठोकली, मग नळीनं गॅस सोडला आणि मिनिटभरात ती वाळू दगडासारखी झाली. पॅटर्नच्या बुडाला मिस्त्रींनी दोन स्क्रू मारून आडवा दांडा बसवला. आधी लाकडी हातोड्यानं सगळीकडून टिचक्या, म्हणजे पॅटर्न केसभर सुटावा. मग दांडा धरून फिरवला. हलला नाही. परत टिचक्या. परत फिरवला तेव्हा किंचित कुरकुर झाली आणि पॅटर्न फिरायला लागला, फिरता फिरता वर यायला लागला, बाकीची माणसं आपापली कामं टाकून बघायला आली, आणि टोक बाहेर आल्यावर मिस्त्रींनी बॅटरी मारून आत बघितलं आणि मला दाखवलं. पाच खाचा खोल आत फिरत गेल्या होत्या, एकही कड मोडलेली नव्हती. मी आयुष्यात पहिल्यांदा माझं शिल्प आतल्या बाजूनं बघत होते, नसलेलं शिल्प. सांगू का, ते बाहेरच्यापेक्षा भारी होतं.

अ‍ॅल्युमिनियम ६६० डिग्रीला वितळतं, ओतताना त्याच्याही वर नेतात. क्रुसिबलमधे, म्हणजे धातू वितळवायच्या भांड्यात, डीगॅसिंगची (धातूतला गॅस काढणारी) गोळी टाकली तेव्हा पांढरा धूर आणि वास, सगळे जरा बाजूला झाले, वरची मळी काढली आणि लॅडलनं, म्हणजे ओतायच्या पळीनं, ओतलं. रुंद बूड वर असल्याचा आणखी एक फायदा मला तिथं कळला, टोक आधी गोठतं, आकसतं, आणि वरचा जाड भाग अजून पातळ असतो तो त्याला माल पुरवत राहतो. रायझर, म्हणजे जादा धातूचा साठा, बुडावर होता, आकसून पडणारा सगळा खड्डा त्यात गेला. दुपारी वाळू फोडली. वजन भरलं साधारण साडेचार किलो.

फिनिशिंगवरून वाद झाला. मिस्त्रींना बफ मारून आरशासारखं करायचं होतं, इतकं चांगलं कास्टिंग आलंय तर चमकवायचं नाही म्हणजे काय. मला वाळूचा दाणा ठेवायचा होता. शेवटी खाचांमधे वाळूचा खरखरीतपणा तसाच ठेवला आणि पदरांच्या फुगवट्यावर पेपर मारून मऊ केलं, चमक नाही, नुसता राखाडी उजेड. मिस्त्री म्हणाले अर्धवट राहिलं. सर म्हणाले खाचा अजून गडद हव्यात.

परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी दोन्ही कामं शेजारी बघितली, प्लास्टरची शेंग आणि हे. हे लॉस्ट वॅक्स ना, त्यांनी विचारलं. नाही सर, वाळूतनं फिरवून काढलंय. ते काही पटलं नाही त्यांना, असं निघतच नाही म्हणाले. मग पॅटर्न आणून दाखवला आणि कुंडीतली ओली माती घेऊन त्यात टोकाकडचा भाग दाबून फिरवून काढून दाखवला, टेबलावरचे कागद खराब झाले त्यांचे. त्यांनी पुढचा अर्धा वेळ शिल्पाबद्दल काही न विचारता स्वतःच तो पॅटर्न मातीत घालून काढण्यात घालवला. मार्क बरे पडले.

पॅटर्न सध्या फाउंड्रीत आहे, मिस्त्रींनी मागून ठेवून घेतला, नवीन पोरांना दाखवायला. पुढच्या वर्षी ब्राँझसाठी पैसे जमले तर परत त्यातूनच काढायचं ठरलंय, फक्त त्याला आकसण्याचा हिशोब वेगळा धरावा लागेल. दरम्यान ज्यांना करून बघायचंय त्यांनी प्लायच्या चकत्या आठ अंशांच्या पुढं फिरवू नका, पायऱ्या भरता भरता पुट्टीचे डबे संपतात, आणि वॅक्समधे काटकसर करू नका.